नगरचे कूट आणि बंगळूरची कचेरी

'नगर' हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाच्या मनापुढे निजामशाहीचे अहमदनगर उभे राहते. म्हैसूरच्या कागदपत्रांतील नगर ते नव्हे. ते मूळचे बिदनूर, मराठी बखरींतले बेदनूर. केळदीच्या नायकांची राजधानी. शिमोग्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्यालगत, सुपारीच्या बागा आणि भातखाचरे यांनी भरलेल्या मलनाडात हे गाव वसले आहे. १७६३ मध्ये हैदर अलीने ते जिंकून त्याला हैदरनगर असे नाव दिले. पुढे त्यातला हैदर गळाला आणि नगर तेवढे उरले.

मराठ्यांच्या इतिहासात हे गाव दोनदा येते, आणि दोन्ही वेळा संकटाच्या प्रसंगी. १६८९ मध्ये रायगडाला वेढा पडलेला असता राजाराम महाराज जिंजीकडे निघाले, तेव्हा केळदीच्या राणी चेन्नम्माने औरंगजेबाचा रोष पत्करून त्यांना आश्रय दिला. याच प्रवासात बंगळूर येथे मंडळींविषयी संशय उत्पन्न झाला आणि खंडो बल्लाळ आदी सोबत्यांनी मागे राहून मार सोसला, ही कथा सर्वश्रुत आहे. दुसरा प्रसंग केळदीच्या अस्तानंतरचा. हैदराने राणी वीरम्माजीला कैद करून मधुगिरीच्या किल्ल्यावर ठेवले होते. १७६७ मध्ये थोरल्या माधवरावांनी मधुगिरी घेतली आणि तिची सुटका केली. परंतु पुण्याकडे येत असता वाटेतच तिचा अंत झाला. केळदीचे घराणे मलनाडात पुन्हा परतले नाही. जे घराणे परतत नाही, त्याच्या नावाने कोणीतरी परतण्याची वाट मात्र मोकळी राहते. १८३० मध्ये नेमके तसेच घडले. आणि त्यातून जे वर्षभराचे बंड उसळले, त्याने म्हैसूरच्या राजाचे राज्य पन्नास वर्षांसाठी हिरावले व बंगळूरला राजधानीचे स्थान दिले.

या बंडाची हकीकत सामान्यतः दोनपैकी एका पद्धतीने सांगितली जाते. एका पद्धतीत राजा उधळ्या असतो, रयत गांजलेली असते, आणि इंग्रज सरकार नाइलाजाने मध्ये पडते. दुसरीत राजा भोळा असतो, मद्रासचे इंग्रज अधिकारी लोभी असतात, आणि बंड हे निमित्त ठरते. दोन्हींत थोडेथोडे तथ्य आहे. परंतु दोन्हींत रयत ही केवळ पार्श्वभूमी आहे. बोलतात ते राजा, रेसिडेंट आणि गव्हर्नर जनरल. १८३०च्या पावसाळ्यात नगर प्रांतातली रयत जे बोलत होती ते मुख्यतः हिशेबाविषयी होते, ही गोष्ट अशा मांडणीत हरवून जाते.

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू मारला गेला. इंग्रजांनी म्हैसूरच्या जुन्या वडियार घराण्यातील कृष्णराज या पाच वर्षांच्या मुलाला गादीवर बसविले. १७९९च्या तहाने नव्या राज्यावर दरसाल सात लक्ष स्टार पगोडांची, म्हणजे सुमारे साडेचोवीस लक्ष रुपयांची खंडणी बसली. त्याच तहाच्या चौथ्या कलमात एक तरतूद होती. या रकमेच्या भरण्यात खंड पडेल अशी गव्हर्नर जनरलला वाजवी भीती वाटल्यास, तो भरणा सुरक्षित करण्यास आवश्यक तेवढा मुलूख त्याने आपल्या व्यवस्थेखाली घ्यावा, अशी ती तरतूद. 'आवश्यक तेवढा' या शब्दांना पुढे बरेच महत्त्व येणार होते.

राजाच्या अल्पवयात कारभार पूर्णय्यांकडे होता. देशस्थ माध्व ब्राह्मण असलेल्या या मुत्सद्द्याने हैदर आणि टिपू या दोघांचीही सेवा केली होती. आता तो इंग्रजांच्या विश्वासातला दिवाण झाला. त्याचा कारभार काटकसरीचा, करडा, आणि वसुलीच्या बाबतीत निष्ठुर म्हणावा असा होता. खजिन्यात त्याने मोठी शिल्लक टाकली. १८११ मध्ये कृष्णराजाने अधिकार हाती घेतला आणि १८१२ मध्ये पूर्णय्या वारला. तरुण राजा विद्वानांचा आणि गवयांचा चाहता, देवालयांना सढळ हाताने देणारा, माणसांच्या बाबतीत भिडस्त. शिल्लक संपली, शिलेदारांचे पगार थकू लागले. हे तेच शिलेदार, जे १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेबरोबर शिंदे-भोसल्यांवर चालून गेले होते आणि १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांविरुद्ध लढले होते. मराठी राज्ये बुडविण्याच्या कामी म्हैसूरचे घोडदळ वापरले गेले. तेच घोडदळ पुढे थकलेल्या पगारापायी आपल्या राजाच्या काळजीचे कारण झाले.

तंगी भागविण्यासाठी जो उपाय योजला तो 'शर्ती'चा. अमलदाराने आपल्या तालुक्यातून ठरावीक रक्कम वसूल करून देण्याची शर्त लिहून द्यावयाची. कमी पडल्यास तूट त्याने भरावयाची, जास्त आल्यास वाढावा सरकारात जमा करावयाचा. कागदावर ही पद्धत सरकारच्या सोयीची दिसते. व्यवहारात जो अधिक रक्कम कबूल करी त्यालाच अमलदारी मिळे, आणि कबूल केलेली रक्कम कोठून तरी निघावीच लागे. ती रयतेकडून निघे. मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो याने १८२५ मध्ये म्हैसूरला येऊन राजाला स्पष्ट इशारा दिला होता : जमाखर्चाचे हिशेब नियमाने सादर करा, नाहीतर कंपनी सरकारला हात घालावा लागेल. मन्रो हा जमाबंदीत मुरलेला अधिकारी होता. दुखणे हिशेबात आहे हे त्याने ओळखले होते. मात्र त्याच्या डोळ्यांपुढे दरबारचे हिशेब होते, शानभोगाच्या दप्तरातले नव्हते.

हे गावचे दप्तर कसे असे, ते थोडे पाहिले पाहिजे. म्हैसुरात गावचा शानभोग, म्हणजे आपल्याकडील कुळकर्णी, 'कडत' नावाच्या वहीवर हिशेब लिही. कापडाला कोळशाची पूड आणि चिंचोक्याची खळ चोपडून ते काळे करीत, त्याच्या घड्या घालून वही बनवीत आणि तिच्यावर शंखजिऱ्याच्या पांढऱ्या कांडीने लिहीत. अक्षर वर्षानुवर्षे टिके. पण हवे असल्यास पुसूनही टाकता येई आणि त्याच जागी नवे लिहिता येई. गावचा हा हिशेब कन्नडात असे. कचेरीत तो पोचला की त्याला मराठी जोडीदार मिळे. विजापूरकरांच्या आणि शहाजीराजांच्या अमलापासून या प्रदेशात मराठी कारकून स्थिरावले होते. हैदराच्या काळी सरकारी हिशेब कन्नड आणि मराठी अशा दोन भाषांत राहत. टिपूने त्यात फारसीची भर घातली. टिपू गेल्यावर फारसी मागे पडली आणि मराठी राहिली. रयतेचे बोलणे एका भाषेत आणि तिच्या देण्याचा अखेरचा आकडा दुसऱ्या भाषेत, अशी ही व्यवस्था होती. कारकुनांच्या दृष्टीने ती सोयीची होती. कोणाच्या दृष्टीने गैरसोयीची होती ते सांगण्याची आवश्यकता नाही.

नगर प्रांतात या सर्वाला एक निराळी धार होती. केळदीच्या शिवप्पा नायकाने सतराव्या शतकात जमिनीची प्रतवारी लावून उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या मानाने सारा ठरविला होता. त्या आकारणीला 'शिस्त' म्हणत. मराठीत आज हा शब्द निराळ्या अर्थाने चालतो. मलनाडात तो सरकारच्या मागणीची मर्यादा सांगणारा शब्द होता. पुढच्या नायकांनी आणि हैदर-टिपूंनी शिस्तीवर अनेक पट्ट्या चढविल्या हे खरे, तरी मूळ आकडा रयत विसरली नव्हती. १८०१ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन त्या मुलखातून फिरला तेव्हाही शिवप्पा नायकाची आकारणी लोकांच्या बोलण्यात जिवंत होती. सुपारीची बाग लावल्यापासून फळावर येईपर्यंत अनेक वर्षे जातात. अशा पिकाच्या मालकाला दर वर्षी बदलणारी मागणी ही दुष्काळाहून वाईट वाटते. कारण दुष्काळ निदान टळतो.

पूर्णय्यांच्या काळापासून नगरची फौजदारी रामराव नावाच्या मराठी सरदाराकडे, आणि नंतर बहुतांशी त्याच्या आप्तसंबंधीयांकडे राहिली. १८२८ मध्ये राजाने हा क्रम मोडला आणि आपला नातलग वीरराज अरस याला फौजदार नेमले. त्याने जुनी दप्तरे तपासावयास घेतली, तेव्हा मागील फौजदारांनी रयतेला बाकीत दिलेल्या सुटींविषयी शंका निघाली. काही ठिकाणी बाकी सोडून दिली असे लिहिले होते, पण प्रत्यक्षात ती वसूल होऊन मध्येच जिरली होती, असा संशय होता. तपासणी करणे योग्यच होते. परंतु तिचा परिणाम असा की, ज्या बाकीतून आपण मोकळे झालो असे रयत समजत होती, ती बाकी पुन्हा दारात उभी राहण्याची चिन्हे दिसू लागली. लबाडी कचेरीतल्या माणसांची आणि तगादा बागाइतदाराला, अशी अवस्था झाली. दुसरीकडे जे देशस्थ कारकून व अंमलदार या फेरबदलात दुखावले, त्यांनी रयतेच्या असंतोषाला फुंकर घातली, असे पुढील इंग्रजी चौकशीत नमूद झाले. त्यात तथ्य असण्याचा संभव पुष्कळ आहे. पण फुंकर घालण्यास निखारा आधी असावा लागतो. त्या चौकशीचा आधार घेऊन हे सर्व बंड एका ब्राह्मण गटाचे कारस्थान म्हणून सोडून देणे, हे राजपक्षाला सोयीचे होते आणि इंग्रजांनाही.

ऑगस्ट १८३० मध्ये बसवापट्टण येथे रयतेचे 'कूट' भरले. कन्नडात कूट म्हणजे मेळावा. मराठी कानाला या शब्दातून कोड्याचा अर्थ ऐकू येतो, आणि त्या काळच्या अधिकाऱ्यांना ते कोडेच वाटले असावे. गावोगावचे पाटील आणि बागाइतदार निरोप धाडून एकत्र जमत, सारा न देण्याचे ठरवीत, तक्रारींची यादी सांगत आणि राजाकडे दाद मागत. त्यांचे म्हणणे राज्य बुडवावे असे नव्हते. शर्ती मोडावी, वाढविलेल्या पट्ट्या काढाव्यात, मिटलेल्या बाक्या पुन्हा उकरू नयेत, जुलमी अमलदार बदलावेत, असे ते होते. कुटाचे लोण नगरपुरते राहिले नाही. चित्रदुर्ग आणि मंजराबाद या फौजदाऱ्यांतही रयत जमू लागली. पुष्कळ जागी प्रथम शस्त्र उचलले गेले नाही. गावकरी एका ठिकाणी बसून राहत आणि अमलदाराच्या बोलावण्यास जात नसत, एवढेच. असे बसून राहणे हा त्या समाजातला जुना आणि समजण्यासारखा संकेत होता. रयत बसली की सरकारने मध्यस्थ पाठवावा, काही सोडावे, काही घ्यावे, कौल द्यावा, विडे वाटावेत आणि नांगर पुन्हा चालू व्हावेत. दख्खनच्या जमाबंदीच्या इतिहासात असे किती कौल दिले गेले असतील याची गणती नाही. या वेळी कौल मिळण्यापूर्वीच दुसरे दोन पक्ष कुटात येऊन बसले.

पहिला बूदी बसप्पा. बूदी म्हणजे भस्म. मूळचा सादर मल्ल नावाचा हा मनुष्य सामान्य शेतकरी कुळातला. केळदी दरबाराशी संबंध असलेल्या एका जंगमाकडून जुन्या नायकांच्या मुद्रा त्याच्या हाती आल्या, असे सांगतात. त्या मुद्रांच्या बळावर तो स्वतःला केळदीचा वारस म्हणवू लागला. वीरशैव मलनाडात भस्मधारी वारसाला मान मिळणे स्वाभाविक होते. आणि त्याने दिलेले वचन तर शिवप्पा नायकाच्या काळाची आठवण जागविणारे होते. रयतेने त्याच्या वंशावळीवर कितपत विश्वास ठेवला हे सांगता येत नाही. पण सारा कमी करू म्हणणाऱ्या राजाची वंशावळ फार बारकाईने तपासण्याची कोणालाही घाई नसते.

दुसरा पक्ष तरीकेरेच्या पाळेगारांचा. हैदरापूर्वी हे घराणे त्या परिसरात सत्ता चालवीत होते. आता त्याच्या वंशजांवर सरकारी नेमणुकीवर जगण्याची पाळी आली होती. १८३०च्या उत्तरार्धात रंगप्पा नायक म्हैसूरहून निसटून आपल्या जुन्या मुलखात गेला आणि बंडवाल्यांस मिळाला. त्याच्या पाठोपाठ किल्ले, बंदूकधारी माणसे आणि जंगलातल्या वाटांची माहिती बंडाला लाभली. सारा न देणाऱ्या शेतकऱ्यांचे कूट आता गादीवर हक्क सांगणाऱ्यांची फौज दिसू लागले. दुरून पाहणाऱ्याला फौज दिसते, कूट दिसत नाही.

डिसेंबर १८३० मध्ये होळेहोन्नूर येथे जमलेल्या रयतेवर सरकारी फौज चालून गेली आणि माणसे पडली. त्याच सुमारास राजा स्वतः चन्नरायपट्टणापर्यंत आला. तेथे काही जणांना फाशी देण्यात आली, काहींना फटके मारले. हा प्रसंग राजाच्या चरित्रातला सर्वांत दुःखद म्हणावा लागेल. ज्याच्याकडे दाद मागावयाची तो दारापर्यंत आला, आणि आला तो शिक्षा घेऊन. यानंतर तडजोडीची भाषा करणारांस कुटात कोणी विचारले नसावे. १८३१च्या आरंभी म्हैसूरच्या फौजेने लेफ्टनंट रॉचफर्टच्या नेतृत्वाखाली तरीकेरेच्या बाजूचे काही किल्ले घेतले; पण बंड शमले नाही. शेवटी बंगळूरच्या छावणीतून कंपनीची पलटणे मागवावी लागली.

ही छावणी १८०९ मध्ये श्रीरंगपट्टणाहून बंगळूरला हलविली गेली होती, कारण कावेरीकाठचा हिवताप गोऱ्या शिपायांना सोसेना. मोकळी कोरडी हवा, मद्रासशी सोपे दळणवळण, आणि शेजारी केंपेगौडाने वसविलेली गजबजलेली पेठ, असा तिचा थाट होता. १८३१ पर्यंत ती म्हैसूरच्या राज्यात असूनही म्हैसूरच्या राजापासून अलग अशी एक वसाहत झाली होती. मार्च १८३१ नंतर मलनाडातल्या मोहिमेचा भार या छावणीवर पडला. पहिली चढाई दाट रानात आणि वाटेवरच्या अडथळ्यांत अडखळली. पलटणांना मागे यावे लागले. पावसाळा तोंडावर असता पुन्हा तयारी करून १२ जूनला कर्नल एव्हन्सने नगर घेतले. बंडाचे मुख्य बळ तेथे मोडले. तरीकेरेच्या घराण्यातला सर्जा हणमप्पा नायक मात्र पुढे तीन वर्षे हाती लागला नाही. १८३४ मध्ये तो पकडला जाऊन फाशी गेला.

बंड जूनमध्ये मोडले, राज्य ऑक्टोबरमध्ये गेले. या दोन घटनांतले अंतर ध्यानात घेण्यासारखे आहे. आग विझल्यानंतर घर ताब्यात घेण्यात आले. गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक याने ७ सप्टेंबर १८३१च्या पत्राने राजाला कळविले की, तहाचा हेतू विफल झाला असल्याने संपूर्ण राज्याची व्यवस्था कंपनी सरकार आपल्याकडे घेत आहे. म्हैसुरात दसऱ्याचा उत्सव होऊन थोडेच दिवस लोटले होते. १९ ऑक्टोबर रोजी कृष्णराजाने विरोध न करता कारभार सोपविला. त्या वेळी तो सदतीस वर्षांचा होता. दरसाल एक लक्ष स्टार पगोडा आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा अशी त्याची नेमणूक झाली. राजवाडा, दरबार, पदव्या राहिल्या, हिशेब गेले.

तहाच्या कलमात तर 'आवश्यक तेवढा' मुलूख घेण्याची मुभा होती, आणि तीही भरण्यात खंड पडण्याच्या भयापुरती. खंडणी बुडाल्याचा पुरावा पुढे कोणासच देता आला नाही. हॉकर, मॉरिसन, मॅक्लाउड आणि कब्बन या चौघांची चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १८३३च्या अखेरीस आला. राजाचा कारभार ढिला होता, शर्तीने रयत नाडली गेली, हे समितीने मांडले. पण राज्य घेताना सरकारपुढे जे भयानक चित्र रंगविले गेले होते ते या अहवालात फिकट झाले होते. हा अहवाल वाचून १८३४ मध्ये उटकमंडहून बेंटिंकने विलायतेस जे लिहिले, ते वसाहती राज्यकर्त्याच्या लेखणीतून क्वचितच उतरते. तहाने अधिकार दिला तो खंडणी सुरक्षित करण्याचा. राज्य घेतले ते मात्र गैरकारभारासाठी. आणि खंडणी तर तातडीच्या धोक्यात नव्हतीच, असा त्याच्या लिहिण्याचा आशय आहे. राज्याचा काही भाग राजाला परत द्यावा, अशी त्याने शिफारस केली. कंपनीच्या संचालकांनी ती मानली नाही. सुधारणा पक्क्या झाल्याखेरीज काही परत करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. आणि सुधारणा पक्क्या झाल्या असे कधी म्हणावयाचे, हे ठरविणारेही तेच होते. त्याच वर्षी शेजारचे कोडगू संस्थान याच बेंटिंकने खालसा केले. एका पापाविषयी मन खात असताना दुसरे निश्चिंतपणे करता येते, हा मनुष्यस्वभाव राज्यकर्त्यांतही आढळतो.

नव्या कारभाराचा पहिला वरिष्ठ कमिशनर कर्नल जॉन ब्रिग्ज. मराठी अभ्यासकांस हे नाव अनोळखी नाही. पेशवाई बुडाल्यावर खानदेशची व्यवस्था लावणारा, साताऱ्यास प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी रेसिडेंट राहिलेला आणि फिरिश्त्याच्या फारसी इतिहासाचा इंग्रजी अनुवाद करणारा तोच हा ब्रिग्ज. बंगळूरला त्याच्या जोडीस कनिष्ठ कमिशनर म्हणून मद्रासच्या गव्हर्नराचा भाऊ लशिंग्टन दिला गेला. दोघांचे पटले नाही. रेसिडेंट कॅसामेजरशीही ब्रिग्जचे खटके उडाले, आणि थोड्याच काळात तो नागपुरास रेसिडेंट होऊन गेला. त्यानंतर काही काळ मॉरिसन आणि १८३४ पासून एकटा मार्क कब्बन, ज्याने १८६१ पर्यंत राज्य चालविले. कब्बन हा काटेकोर, एकलकोंडा, जुन्या वळणाचा माणूस होता. त्याने सहा फौजदाऱ्यांचे चार विभाग केले, शर्ती मोडली, आणि बारीकसारीक मिळून ७६९ पट्ट्या रद्द केल्या. लग्नापासून मुलाच्या जन्मापर्यंत कशावर ना कशावर आकार होता, हे ही यादी वाचताना कळते. बसवापट्टणच्या कुटाने जे मागितले होते त्यातले पुष्कळसे असे परक्या सरकारच्या हुकमाने मिळाले. ज्यांनी ते मागितले त्यांचा उल्लेख मात्र त्या हुकमांत बंडखोर असाच राहिला.

या सरकारची कचेरी म्हैसुरात नव्हे, बंगळूरला थाटली गेली. किल्ल्यातल्या टिपूच्या लाकडी वाड्यात तिची दफ्तरे आली आणि १८६८ पर्यंत तेथेच राहिली. छावणी जवळ होती, हे त्याचे उघड कारण. राजापासून दूर राहावे, हे न बोललेले दुसरे. शहाजीराजांची जहागीर असलेले, १६८७ मध्ये तीन लक्ष रुपयांना चिक्कदेवराजाने विकत घेतलेले बंगळूर अशा रीतीने एका बंडाच्या शेवटी राजधानी झाले. आणि त्या बंडाची एकही गोळी या शहरात झडली नव्हती. वरच्या खुर्च्यांवर इंग्रज सुपरिंटेंडेंट बसले. खाली शिरस्तेदार, अमलदार, मुत्सद्दी बहुतांशी जुनेच राहिले, आणि त्यांत मराठी बोलणाऱ्या देशस्थांचे प्रमाण मोठे होते. ज्या वर्गाने बंडास फूस दिली असे अहवालात लिहिले गेले, त्याच वर्गाच्या हातांनी त्या अहवालानंतरचा कारभार चालला. दोन भाषांतले हिशेबही कब्बनच्या काळात चालू राहिले. पुढे हळूहळू मराठी मागे पडून कन्नड आणि इंग्रजी उरल्या.

राजाने हार मानली नाही. त्याने लढा शस्त्राने दिला नाही, अर्जांनी दिला. हार्डिंजकडे, कॅनिंगकडे, विलायतेत पार्लमेंटपर्यंत त्याचे अर्ज गेले. मधल्या काळात सातारा १८४८ मध्ये आणि नागपूर १८५४ मध्ये दत्तक नामंजूर होऊन खालसा झाली. रंगो बापूजींनी लंडनच्या दारोदार केलेली खटपट व्यर्थ गेली. निपुत्रिक कृष्णराजाच्या मागे म्हैसूरही त्याच वाटेने जाईल, असे डलहौसीने गृहीत धरले होते. तसे घडले नाही, कारण मध्ये १८५७ आले आणि संस्थाने गिळण्याची भूक ओसरली. १८६५ मध्ये वृद्ध राजाने चामराजेंद्र या बालकास दत्तक घेतले. १८६७ मध्ये विलायत सरकारने ते मान्य केले. मार्च १८६८ मध्ये कृष्णराज वारला. साताऱ्याला आणि नागपूरला जे लाभले नाही ते त्याला मिळाले, पण हयातीत नाही.

त्याच वर्षी बंगळूरला किल्ल्यातली दफ्तरे नव्या लाल इमारतीत हलली. अठरा खात्यांची कचेरी म्हणून लोक तिला 'अठरा कचेरी' म्हणू लागले. पुढे तीत उच्च न्यायालय आले. चिक्कदेवराजानेही सतराव्या शतकात मोगलांच्या धर्तीवर अठरा कचेऱ्या स्थापिल्या होत्या अशी परंपरा आहे, तेव्हा हे नाव इंग्रजांचे असूनही जुनेच होते. २५ मार्च १८८१ रोजी चामराजेंद्राच्या हाती राज्य परत आले. खंडणीचा आकडा साडेचोवीस लाखांवरून पस्तीस लाख ठरला, आणि वाढीव रक्कम काही वर्षे लांबणीवर टाकली गेली. बंगळूरच्या छावणीचा मुलूख ब्रिटिशांनी आपल्याकडेच ठेवला. तो म्हैसूरला परत मिळाला जुलै १९४७ मध्ये. महाराजांचा दरबार आणि दसरा म्हैसुरास भरत राहिला. अठरा खात्यांची दफ्तरे बंगळूरहून हलली नाहीत.